चिपचा सातबारा

रास्पबेरी पाय ४ ला चार तारांनी डीएस३२३१ ही घड्याळाची चिप जोडली, बोर्ड सुरू केला, आणि लिनक्सला तिची खबरच नाही. नवशिका माणूस इथे ड्रायव्हर शोधत बसतो. ड्रायव्हर बहुतेकदा कर्नलसोबत आलेलाच असतो. राहिलेली असते ती एक नोंद: अमुक आयटूसी बसवर, अमुक पत्त्याला, अमुक चिप आहे. या नोंदी ज्यात असतात ते डिव्हाइस ट्री. आयटूसी, एसपीआय, यूएआरटी अशा प्रत्येक कंट्रोलरचा त्यात एक नोड असतो. कंट्रोलरचा पत्ता, त्याची इंटरप्टची ओळ आणि त्याला क्लॉक कुठून मिळतं, हे त्या नोडमध्ये लिहिलेलं असतं.

सातबारा डोळ्यांपुढे आणला की हे पटकन उमजतं. उतारा जमीन कसत नाही. गट नंबर, क्षेत्र आणि नाव एवढंच तो सांगतो. कसणारा वेगळा, आणि इथे तो म्हणजे ड्रायव्हर.

“कर्नलने स्वतःच शोधावं की!”

ही अपेक्षा यूएसबीने लावलेली सवय आहे. यूएसबी आणि पीसीआयवरचं उपकरण विचारल्यावर आपला उत्पादक आणि क्रमांक सांगतं. आयटूसीवर अशी विचारपूस नसते, तिथे फक्त सात बिटांचा पत्ता असतो. डीएस३२३१ चा पत्ता हेक्समध्ये ६८, आणि एमपीयू-६०५० या हालचाल मोजणाऱ्या सेन्सरचा नेहमीचा पत्ताही ६८च. दार वाजवलं आणि आतून ओ आली, तरी घरात कोण आहे ते कळत नाही.

चाचपून बघणंही निर्धोक नाही. आयबीएमच्या काही जुन्या थिंकपॅडवर एलएम-सेन्सर्स या साधनाच्या शोधाशोधीने आतली ईईप्रॉम बिघडली आणि ते लॅपटॉप सुरूच होईनात. तपासायला गेलेल्या संदेशाला त्या चिपने लिहिण्याची आज्ञा मानलं होतं.

“म्हणजे ही सेटिंगची फाइल”

सर्वाधिक वाद इथेच होतात. सातबाऱ्यातला गाव नमुना सात हा जमिनीच्या हक्काचा, आणि बारा हा पिकांचा. डिव्हाइस ट्रीत सात लिहायचा असतो, बारा नाही. कंट्रोलरला डीएमएची वाहिनी जोडलेली आहे, हे सात. ती वापरायची की नाही, हे बारा. ते ड्रायव्हरने आणि वापरणाऱ्याने ठरवावं. नवा नोड पाठवणाऱ्याला कर्नलच्या देखभालकर्त्यांकडून ‘हे हार्डवेअरचं वर्णन नाही’ असा शेरा हमखास मिळतो.

सीमा दरवेळी स्वच्छ असते असं मात्र नाही. आयटूसी बसचा वेग ही सेटिंग वाटते, तरी ‘क्लॉक-फ्रिक्वेन्सी’ हा गुणधर्म नोडमध्येच लिहितात. कारण तारा किती लांब आहेत आणि बसवरची सर्वांत संथ चिप कोणती, यावर तो वेग ठरतो, आणि या दोन्ही गोष्टी बोर्डाच्या आहेत.

“हे लिनक्सने एआरएमसाठी काढलं”

नाही. मूळ कल्पना ओपन फर्मवेअरची. तिचं आयट्रिपलई १२७५ हे मानक १९९४ चं, आणि सनची स्पार्क यंत्रं व ॲपलची पॉवरपीसी यंत्रं ते वापरत. पॉवरपीसी लिनक्सने त्यातून आजचं सपाट, फाइलीत मावणारं रूप घडवलं. एआरएमच्या प्रत्येक बोर्डामागे सी भाषेतली वेगळी फाइल साचत गेली, २०११ मध्ये लिनस टॉरवाल्ड्स यांनी त्या पसाऱ्यावर जाहीर नाराजी दाखवली, आणि मग एआरएम या वाटेला वळलं. यू-बूट हा बूटलोडर आणि फ्रीबीएसडी ही कार्यप्रणालीही हीच वर्णनं वाचतात. म्हणूनच नोडमध्ये काय लिहायचं ते ठरवणाऱ्या नव्या वर्णन-नियमांना (बाइंडिंग) जीपीएलसोबत बीएसडी परवानाही द्यायला सांगतात.

“नाव काय, काहीही द्या”

नोडमधला ‘कम्पॅटिबल’ हा गुणधर्म वाचून कर्नल ड्रायव्हर निवडतो. पाय ४ च्या आयटूसी कंट्रोलरला तिथे दोन नावं आहेत: आधी बीसीएम२७११ चं, मागून बीसीएम२८३५ चं. पहिलं नाव पाय ४ च्याच चिपचं, दुसरं पहिल्या पायवरच्या चिपचं. नवं नाव न ओळखणाऱ्या जुन्या ड्रायव्हरने निदान थोरल्या भावाच्या ओळखीवर काम सुरू करावं, ही सोय.

मग नवं नाव हवंच कशाला? आयटूसीत समोरची चिप क्लॉकची तार खाली धरून ‘थांब जरा’ म्हणू शकते. बीसीएम२८३५ च्या कंट्रोलरला हे थांबणं नीट जमत नाही, तो हार्डवेअरमधलाच दोष आहे. लिनक्सचा ड्रायव्हर जुन्या नावाला ही उणीव चिकटवतो, नव्या नावाला नाही. सगळ्या चिपना मिळून एकच मोघम नाव दिलं असतं, तर हा फरक करायला जागाच उरली नसती. मोघम नाव देखभालकर्ते नाकारतात ते याचसाठी.

“तपासणीत पास झालं, म्हणजे बरोबर आहे”

पूर्वी हे वर्णन-नियम साध्या मजकुरात लिहिलेले असत. माणसानेच वाचायचे, माणसानेच विसरायचे. गेल्या दशकाच्या अखेरीस डिव्हाइस ट्रीचे देखभालकर्ते रॉब हेरिंग यांच्या पुढाकाराने ते यामल स्वरूपात, जेसन स्कीमाच्या धर्तीवर लिहायला सुरुवात झाली आणि यंत्राला तपासता येऊ लागले. तपासण्याही दोन. ‘डीटी-बाइंडिंग-चेक’ नियमाची फाइल आणि तिच्यातलं उदाहरण तपासतो. ‘डीटीबीएस-चेक’ खऱ्या बोर्डांची वर्णनं त्या नियमांवर घासून बघतो. पहिली करून दुसरी विसरणारे पुष्कळ. आणि दोन्ही चालतात त्या लिहिणाऱ्याच्या संगणकावर. बूट होणाऱ्या कर्नलच्या नजरेला यामल कधी पडतच नाही.

तपासणीचा फायदा खरा आहे. ‘फ्रिक्वेन्सी’च्या स्पेलिंगमध्ये एक अक्षर गळलं, तर डिव्हाइस ट्रीचा कंपायलर हूं की चूं करत नाही. ड्रायव्हरला हवं ते नाव सापडत नाही, तो लॉगमध्ये एक ओळ टाकून सेकंदाला १,००,००० ठोके गृहीत धरतो, आणि ४,००,००० च्या भरवशावर बसलेला माणूस बस इतकी संथ का म्हणून डोकं खाजवतो. स्कीमा मात्र सांगतो की असा गुणधर्म मला माहीत नाही.

एक पळवाट ठाऊक असावी. नोडचं ‘स्टेटस’ ‘डिसेबल्ड’ असेल, तर आवश्यक गुणधर्म नसल्याची तक्रार तपासणी दाबून टाकते. हे मुद्दाम केलेलं आहे, कारण चिपच्या सामाईक फाइलीत नोड अर्धा असतो आणि बोर्डाची फाइल तो पुरा करते. पण त्यामुळे आज गप्प असलेला नोड उद्या कोणी ‘ओके’ केला की एकदम ओरडू लागतो.

आता जे तपासणीला दिसूच शकत नाही ते. याच आयटूसी कंट्रोलरचा इंटरप्ट घ्या. चिपच्या पुस्तिकेत व्हिडिओकोअर या ग्राफिक्स भागाच्या यादीत त्याचा क्रमांक ५३. ही यादी जीआयसी या इंटरप्ट कंट्रोलरवर ९६ पासून सुरू होते, म्हणून तिथे तो झाला १४९. पण जीआयसीचे पहिले ३२ क्रमांक प्रोसेसरांच्या खासगी कामाचे, आणि डिव्हाइस ट्रीत सामाईक इंटरप्ट त्यांच्या पुढून, शून्यापासून मोजतात. म्हणून लिहायचे ११७. तीन आकडे, तिन्ही आपापल्या जागी बरोबर. पत्त्याचंही तसंच: नोडमध्ये ७ई८०४०००, तर बूट लॉगमध्ये तोच कंट्रोलर एफई८०४००० वर. ही चूक नव्हे. मधल्या बसच्या ‘रेंजेस’ या गुणधर्माने केलेलं ते भाषांतर असतं.

११७ च्या जागी कोणी पुस्तिकेतला १४९ उतरवला, तर स्कीमाला त्यात काहीच वावगं दिसत नाही. एक इंटरप्ट हवा होता, एक मिळाला. कंट्रोलर बूटच्या वेळी निमूट नोंदला जातो. घड्याळाला पहिला प्रश्न जातो, ड्रायव्हर इंटरप्टची वाट बघत बसतो, आणि थोड्या वेळाने लॉगमध्ये वेळ संपल्याची तक्रार उमटते. प्रोक फाइल सिस्टिममधली ‘इंटरप्ट्स’ ही फाइल उघडून बघा, त्या ओळीपुढे प्रोसेसरच्या चारही रकान्यांत शून्य.