आमचें ‘नवें घर’

गेल्या रामनवमीस, प्रसाद झाल्यावर, आम्ही तिघे भाऊ, सुना आणि मुलें भिवंडीच्या आमच्या घरीं बैठकीच्या खोलींत जमलों होतों. थोरल्या पुतण्यानें एक कागद पुढें ठेवला. एका बांधकाम ठेकेदाराचें म्हणणें असें होतें कीं, हें घर पाडून त्या जागीं सात मजली इमारत उठवावी. प्रत्येक भावास एकेक प्रशस्त बिऱ्हाड मिळेल, लिफ्ट असेल, आणि खर्चाची तोशीस कोणास लागणार नाहीं. कागद वाचून झाल्यावर पुतण्या म्हणाला, “काका, घर आतां फार जुनें झालें.”

मला हंसूं आलें. कारण आमच्या आप्तांत या घराचें नांवच मुळीं ‘नवें घर’ असें आहे. ब्राह्मण आळींतील वाडा तें जुनें घर, आणि वडिलांनीं १९५६ सालीं बांधलेलें हें नवें घर. वाडा पाडल्यास पंचवीस वर्षें होऊन गेलीं, तरी नांव टिकून आहे. जें घर नवेपणासाठींच बांधलें गेलें, तें जुनें झालें म्हणजे नेमकें काय झालें, या प्रश्नानें त्या रात्रीं मला झोप लागूं दिली नाहीं. ज्या कुटुंबांत असा कागद आला असेल, किंवा उद्यां येणार असेल, त्यांस या विचाराचा कांहीं उपयोग व्हावा म्हणून हे चार शब्द लिहीत आहें.

वाडा कसा असतो हें वाचकांस सांगावयास नको. ओटी, माजघर, चौक, देवघर, मागें परसूं आणि परसांत विहीर. लांकडी खांबांवर तुळया, वर कौलें. वास्तु हा शब्द ‘वस्’ म्हणजे राहणें या धातूपासून आला आहे, आणि आमच्या शास्त्रकारांनीं वास्तूचें मध्यस्थान, ज्यास ब्रह्मस्थान म्हणतात, तें मोकळें ठेवावयास सांगितलें. वाड्याचा चौक हें त्याचेंच रूप. उजेड आणि वारा घराच्या मध्यांतून यावा ही त्यांतील योजना. परंतु चौकापासून दोन खोल्या पलीकडे गेलें कीं भर दुपारींहि दिवा लावावा लागे, आणि पावसाळ्याचे चार महिने ओल्या कपड्यांचा व धुराचा वास माजघरांतून हालत नसे.

वडिलांस हें नको होतें. त्यांच्या मेजावर पुण्याचे इंजिनियर आर. एस. देशपांडे यांचीं पुस्तकें असत. ‘चीप अँड हेल्दी होम्स फॉर द मिडल क्लासेस ऑफ इंडिया’ हें १९३५ चें, आणि ‘मॉडर्न आयडियल होम्स फॉर इंडिया’ हें १९३९ चें. हिंदी हवा, हिंदी चालीरीती आणि मध्यम स्थितींतील गृहस्थाचा खिसा या तिहींचा मेळ घालण्याचा तो प्रामाणिक प्रयत्न होता. त्यांतील नकाशांवर वडिलांनीं पेन्सिलीनें केलेल्या खुणा अजून दिसतात.

या नव्या घराचें बीज मात्र युरोपांतील. पहिल्या महायुद्धानंतर तिकडे घरांची टंचाई पडली होती. १९१९ सालीं जर्मनींतील वायमार येथें वॉल्टर ग्रोपियस यांनीं बौहाउस ही शाळा काढली. वस्तूचें रूप तिच्या कामावरून ठरावें, वरून चिकटविलेल्या नक्षीवरून नव्हे, अशी तेथील शिकवण. फ्रान्समध्यें ल कॉर्बुझिए यांनीं सांगितलें कीं, घराचा भार भिंतींनीं न पेलतां कांक्रीटच्या खांबांनीं पेलावा. ही एक गोष्ट साधली म्हणजे बाकीच्या आपोआप साधतात: भिंत हवी तेथें घेतां येते, खिडकी हवी तितकी रुंद करतां येते, आणि छपराच्या जागीं गच्ची मिळते. आमच्या वाड्याची खिडकी अरुंद होती ती कांहीं पूर्वजांस उजेडाचा तिटकारा होता म्हणून नव्हे. भिंतीवर भार होता म्हणून.

ही विद्या आमच्याकडे मुंबईमार्गें आली. १९३० नंतरच्या दहा-पंधरा वर्षांत मरीन ड्राइव्ह, ओव्हल मैदानाची पश्चिम बाजू, माटुंगा, शिवाजी पार्क या भागांत गोलाकार सज्जांचीं आणि कोपऱ्यांतून वळणाऱ्या खिडक्यांचीं घरें उभीं राहिलीं. त्यांपैकीं ओव्हल व मरीन ड्राइव्हकडील इमारतींस, समोरच्या जुन्या गॉथिक इमारतींसह, २०१८ मध्यें युनेस्कोनें जागतिक वारशाच्या यादींत घेतलें. १९३६ सालीं सिमेंटच्या अनेक कंपन्या एकत्र होऊन ए. सी. सी. ही कंपनी झाली आणि सिमेंटचा प्रसार वाढला. नोव्हेंबर १९३७ मध्यें हिंदी वास्तुशिल्पज्ञांच्या संस्थेनें मुंबईच्या टाउन हॉलमध्यें ‘आयडियल होम’ प्रदर्शन भरवून नवें स्वयंपाकघर, नवें स्नानगृह, नवें सामान लोकांपुढें मांडलें. 

या विद्येच्या गंगोत्रीपर्यंत जाऊन आलेला एक पुरुष आमच्या कोंकणांतलाच. अच्युत कानविंदे हे १९१६ सालीं मालवणाजवळच्या आचऱ्यास जन्मले, मुंबईस जे. जे. स्कूलमध्यें शिकले, आणि सरकारी शिष्यवृत्तीवर हार्वर्ड विद्यापीठांत जाऊन खुद्द ग्रोपियस यांच्या हाताखालीं वास्तुकला शिकले. परत आल्यावर अहमदाबादची अटिरा ही कापड-संशोधन संस्था आणि कानपूरची आय. आय. टी. यांच्या इमारती त्यांनीं रचल्या. कानपुरास पाहावें तों सावली, वारा आणि मोकळे चौक यांस त्यांनीं मानाचें स्थान दिलेलें आहे. गुरूची चौकट घेतली, पण ऊन इकडचें आहे हें ते विसरले नाहींत.

आतां आमच्या घराकडे वळतों. त्याचे गुण सांगावयाचे तर पहिला गुण खिडक्यांचा. प्रत्येक खोलीस समोरासमोर खिडक्या, त्यांवर झरोके, आणि बाहेरून अडीच फुटांचा छज्जा. छज्जा ही शोभेची पट्टी नव्हे. उन्हाळ्यांत सूर्य माथ्यावर असतो तेव्हां तो ऊन अडवितो. हिवाळ्यांत सूर्य दक्षिणेस कलतो तेव्हां तेंच ऊन खालून आंत येऊं देतो. आणि आषाढांत खिडकी उघडी ठेवून पाऊस पाहतां येतो. याच विचाराचा मोठा नमुना पाँडिचेरीच्या अरविंद आश्रमांतील ‘गोलकोंडा’ या वसतिगृहांत आहे. तें १९३५ नंतर अंतोनिन रेमंड या वास्तुशिल्पज्ञानें रचलें. तेथें भिंतीऐवजीं उघडझाप करणाऱ्या आडव्या पट्ट्या आहेत. वारा आंत येतो, ऊन बाहेर राहतें.

दुसरा गुण जमिनीचा. वाड्यांत दर आठवड्यास सारवण होई. तें काम कोणाच्या कमरेवर पडे तें सांगणें नको. नव्या घरांत सिमेंटच्या रंगीत फरशा आल्या. १९२२ सालीं सिधवा कुटुंबानें भारत टाइल्सचा स्वदेशी कारखाना काढल्यापासून विलायती फरशीची गरज राहिली नव्हती. आमच्या बैठकींतील हिरवी-पिवळी फरशी सत्तर वर्षें पुसली जात आहे आणि अजून तिच्यांत तोंड दिसतें.

तिसरा गुण ओट्याचा, आणि येथें एक युद्ध झालें. उभ्यानें स्वयंपाक करण्याचा ओटा वडिलांनीं नकाशांत घातला तेव्हां आजीनें स्पष्ट सांगितलें कीं, उभ्यानें रांधणें हें खाणावळीचें लक्षण. सोवळ्याचा स्वयंपाक बसूनच होईल. आई सांगे कीं पंधरा दिवस घरांत या विषयावर कोणी मोठ्यानें बोललें नाहीं. अखेर गवंड्यानें दोन ओटे केले: एक कमरेइतका आणि एक वीतभर उंचीचा. आजी बसक्या ओट्यावर नैवेद्य करी. आई उभ्या ओट्यावर बाकी सर्व. पुढें आजीचे गुडघे धरले, आणि एके दिवशीं कोणास न सांगतां ती उभ्या ओट्याशीं जाऊन पोळ्या लाटूं लागली. त्या दिवशीं वडील जेवतांना एक शब्द बोलले नाहींत, हें त्यांचें शहाणपण! जर्मनींत १९२६ सालीं मार्गारेटे शुट्टे-लिहोत्स्की या बाईंनीं फ्रांकफुर्टच्या घरांसाठीं नवें स्वयंपाकघर रचलें, तें गृहिणीचीं पावलें आणि हालचाली मोजून. स्त्रीचे श्रम मोजण्याजोगे आहेत, हें घर बांधणाऱ्यांच्या ध्यानांत येण्यास इतकीं शतकें लागलीं.

चौथा गुण सांगण्यास संकोच वाटतो, परंतु तोच मला सर्वांत मोठा वाटतो. वाड्याच्या परसांत टोपलीचा संडास होता. एक बाई रोज पहाटे मागच्या दारानें येऊन ती टोपली डोक्यावर नेई. आम्हां मुलांस तिचें नांव माहीत नव्हतें. ज्या घरांत रोज पूजा होई, गीतेचा अध्याय होई, त्या घरानें पिढ्यान् पिढ्या हें चालूं दिलें. कोंकणांतच जन्मलेले अप्पासाहेब पटवर्धन यांनीं १९३२ मध्यें तुरुंगांत असतां भंगीकाम आपणांस करूं द्यावें म्हणून अन्नत्याग केला होता. ती गोष्ट वडिलांच्या मनास लागली असावी. नव्या घरांत त्यांनीं पाण्याचा संडास आणि जमिनीखालीं मैल्याची टांकी पहिल्या दिवसापासून केली. डोक्यावरून मैला वाहण्याची चाल कायद्यानें बंद करण्यास १९९३ साल उजाडावें लागलें, आणि २०१३ मध्यें पुन्हां कडक कायदा करावा लागला. घर आधुनिक आहे कीं नाहीं याची कसोटी मी त्याच्या कोपऱ्यांतील खिडकीवर लावीत नाहीं. त्याच्या मागच्या दारावर लावतों.

आतां दोष. सपाट गच्ची हा कोरड्या मुलखाचा दागिना आहे. भिवंडीचा पाऊस त्याला मानवत नाहीं. दर ज्येष्ठांत डांबर, दर आषाढांत बादल्या, हें आमचें व्रत होऊन बसलें. वैशाखांत तीच गच्ची दिवसभर तापून रात्रभर ती आंच खालीं सोडते. कौलांखालीं असें होत नसे. आणि कांक्रीट अमर आहे ही समजूत तर निव्वळ खोटी. पाणी मुरून पोटांतला लोखंडी गज गंजला कीं तो फुगतो आणि वरचा थर फोडून बाहेर येतो. सप्टेंबर २०२० मध्यें आमच्याच गांवांत पटेल कंपाउंडमधील तीन मजली इमारत पहाटे, माणसें झोपेंत असतां, कोसळली आणि तीसांहून अधिक जीव गेले. ती आमच्या घरापेक्षां वयानें कितीतरी लहान होती. जुन्या घराविषयींचें प्रेम हें घराची परीक्षा न करण्याचें निमित्त होतां कामा नये.

आणखी एक दोष आहे, तो गवंड्याचा नव्हे. वाड्यांत चौक होता. नव्या घरांत खोल्या होत्या, आणि खोल्यांस कड्या होत्या. माझा मधला भाऊ एका वर्षीं परीक्षेंत नापास झाला, ती गोष्ट आठ दिवस कोणास कळली नाहीं. तो दार लावून बसे आणि आम्हांस वाटे कीं अभ्यास चालला आहे. वाड्यांत तें आठ घटकाहि लपलें नसतें; कोणी काकू, कोणी आत्या त्याच्या पाठीवरून हात फिरवून गेली असती. परंतु हेंच मीं पत्नीस बोलून दाखविलें तेव्हां ती म्हणाली, “लग्न होऊन आल्यावर आईला पत्र लिहायला मला दार लावतां आलं, म्हणून या घरांत माझा जीव रमला.” दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. एकत्र कुटुंबास चौकहि हवा आणि कडीहि हवी.

सांप्रत या घरांची जगांत मोठी चलती आहे. अमेरिकेंत कारा ग्रीनबर्ग या बाईंनीं १९८४ सालीं ‘मिड-सेंच्युरी मॉडर्न’ या नांवाचें पुस्तक लिहिलें आणि तें नांव रूढ झालें. चंदीगडच्या सरकारी कचेऱ्यांसाठीं पिएर जानेरे यांच्या देखरेखीखालीं केलेल्या सागवानी खुर्च्या एके काळीं मोडीच्या भावानें निघाल्या, आणि त्याच पुढें परदेशच्या लिलावांत लाखों रुपयांस गेल्या. पण खुर्ची विकत घेतां येते; तिच्यामागचा विचार विकत मिळत नाहीं. थोडक्या वस्तूंत, मोजक्या जागेंत, उजेडांत आणि वाऱ्यांत, कोणास न राबवितां राहावें, हा तो विचार.

आतां कागदाचें काय झालें तें सांगतों. धाकट्या भावाची नड खरी होती. त्याच्या मुलीच्या शिक्षणास पैसा हवा होता. तेव्हां केवळ आठवणींच्या जोरावर ‘नाहीं’ म्हणणें अन्यायाचें झालें असतें. आम्ही प्रथम जाणत्या इंजिनियराकडून घराची परीक्षा करविली. खांब धड निघाले. स्वयंपाकघरावरचा स्लॅब मात्र गेलेला होता. तो उतरवून नवा घालावा लागेल असें ठरलें. दुरुस्तीचा धाकट्याचा वांटा आम्हीं दोघां भावांनीं उचलला, आणि मुलीची फी तिघांनीं मिळून भरावयाची असें ठरवून ठेकेदारास तूर्त नकार कळविला. गच्चीवर उतरतें पत्र्याचें छप्पर येत आहे. वडिलांच्या त्या सरळ रेषेस त्यानें बाध येईल. पण कोंकणच्या पावसापुढें ल कॉर्बुझिएनें देखील हात जोडले असते.

पुतण्यास मीं सांगितलें कीं, आमच्या मागें तुम्हांस हें घर पाडावेंसें वाटलें तर अवश्य पाडा. घर माणसांसाठीं असतें. मात्र नव्या नकाशावर सही करण्यापूर्वीं ठेकेदारास पांच प्रश्न विचारा: प्रत्येक खोलींत समोरासमोर वारा आहे काय? खिडकीवर छज्जा आहे काय? स्वयंपाक करणारीस किती पावलें चालावें लागेल? मैला व सांडपाणी जातें कोठें, आणि तें कोण साफ करतो? आणि घरांतील सर्व माणसें एका वेळीं बसतील अशी एक तरी जागा आहे काय?

त्यानें ते पांचहि प्रश्न ठेकेदाराच्या कागदाच्या पाठीवर लिहून घेतले. तो कागद आतां देशपांड्यांच्या पुस्तकांत, वडिलांच्या पेन्सिलीच्या खुणांशेजारीं ठेवला आहे.