खडी, वाळू आणि एकोणीसशे मैल

सायकल म्हणजे आपल्या कष्टकऱ्यांचे वाहन. हँडलला डबा अडकवून पाळीवर जाणारा बाप आपल्यापैकी अनेकांनी पाहिला आहे. प्रस्तुत लेखकही वर्षानुवर्षे कचेरीत सायकलनेच जातो आणि रस्त्यावर नवी खडी पडली की मुकाट्याने खाली उतरतो. म्हणूनच वीस काळ्या सैनिकांची ही हकीकत वाचनात आली तेव्हा ती मी घरच्या मंडळींना मोठ्याने वाचून दाखविली.

काळ १८९७ चा. त्याच दशकात इंग्रज सरकारने आपल्या पूर्वजांची लष्करभरती बंद केली होती. अमेरिकेत गुलामगिरी १८६५ साली कायद्याने संपली, तरी काळ्यांच्या पलटणी वेगळ्या आणि वरचे अधिकारी बहुतेक गोरे. पंचविसावी पायदळ पलटण त्यांपैकीच एक. मोंटाना राज्यातील फोर्ट मिसूला येथे तिच्या काही कंपन्यांचा तळ होता. जेम्स मॉस नावाच्या गोऱ्या लेफ्टनंटने वरिष्ठांपुढे मुद्दा मांडला, की घोड्याला दाणा-वैरण लागते, सायकलला लागत नाही. तेव्हा फौज सायकलवर जाऊ शकते का, ते अजमावून पाहू. १४ जूनला वीस सैनिक, मॉस, एक डॉक्टर आणि एक तरुण वार्ताहर असा तांडा सेंट लुईसकडे निघाला.

सामानासह एकेक सायकल सुमारे ५९ पौंडांची, म्हणजे जवळपास २७ किलोची. पाठीवर दहा पौंडांची रायफल. सोबत कांबळे, तंबूचे कापड आणि दोन दिवसांचा शिधा. पुढचा शिधा साधारण शंभर मैलांवरच्या ठाण्यावर ठेवलेला. म्हणजे पाऊस असो की चिखल, तिथवर पोहोचलेच पाहिजे, नाही तर उपास! मोडतोड सांभाळायला जॉन फिंडली नावाचा शिपाई होता. त्याने पूर्वी शिकागोच्या सायकल कारखान्यात काम केले होते. असा एक माणूस असला की निम्मी काळजी मिटते, हे सायकलवाल्याला सांगायला नको.

सुरुवातीलाच पाऊस लागला. मोंटानाची माती आपल्या काळ्या रानातल्यासारखी. चाकाला अशी धरते की चाक फिरतच नाही. डोंगर ओलांडताना बर्फ. पण खरी कसोटी लागली ती नेब्रास्काच्या वाळूच्या टेकड्यांत. तिथला एकेक दिवस म्हणजे शिक्षाच. पाऱ्याने ११० अंश फॅरनहाइट गाठलेले, म्हणजे आपले ४३. वाटेत वाळू इतकी खोल की पायडल मारणे शक्यच नाही. मग सायकल हाताने ढकलत रेल्वेच्या रुळांवर आणायची आणि खडी व स्लीपरवरून धडधडत न्यायची. प्रत्येक स्लीपरला एक हिसका. पाठ, मनगटे आणि बैठक यांचे काय होत असेल याची कल्पना वाचकांनीच करावी. तहान लागली तर तिथले पाणी खारट, क्षारयुक्त. ते प्यायले की पोट बिघडे. न पिऊन सांगता कोणाला? माणसे आजारी पडली, खुद्द मॉसही पडला. तांडा मात्र पुढे जात राहिला.

या शिपायांत सर्वांत अनुभवी होता सार्जंट मिंगो सँडर्स. वय चाळिशीच्या आसपास, एका स्फोटात एक डोळा जवळजवळ निकामी झालेला. तरुण पोरांना तो सांभाळून नेत होता.

२४ जुलैला, एकेचाळिसाव्या दिवशी, तांडा सेंट लुईसला पोहोचला. बघायला हजारोंची गर्दी लोटली. परतीचा प्रवास रेल्वेने झाला. पुढच्या वर्षी स्पेनशी युद्ध सुरू झाले आणि सायकल पथकाचा विषय मागे पडला.

वर्तमानपत्रांच्या कौतुकाचे मोल किती, ते १९०६ साली कळले. टेक्सासमधील ब्राउन्सव्हिल गावात रात्री गोळीबार होऊन एक गोरा मेला. गावकऱ्यांनी बोट दाखविले ते पंचविसाव्या पलटणीकडे. शिपाई त्या वेळी बराकीत होते, असे त्यांच्या गोऱ्या अधिकाऱ्यांनीच सांगितले. तरीही राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी खटला न चालविता १६७ जणांना लष्करातून काढून टाकले. मिंगो सँडर्स त्यांत होता. पंचवीस वर्षांहून अधिक नोकरी आणि पेन्शन तोंडावर आलेली! नोकरदाराच्या घरात ही बातमी कशी पोहोचली असेल, हा विचार माझ्यासारख्या कारकुनाच्या मनातून जात नाही. सँडर्सने दाद मागितली, ती लागली नाही. १९२९ साली तो वारला.

अमेरिकन लष्कराने तो हुकूम रद्द केला १९७२ साली. काढलेल्यांपैकी डॉर्सी विलिस हा म्हातारा तेव्हा हयात होता. त्याला पुढे पंचवीस हजार डॉलर मिळाले. मधली अनेक वर्षे त्याने न्हाव्याच्या दुकानात लोकांचे बूट पुसून काढली होती.