पंपाचे सील तुटले, वॉरंटीचे काय?

कोयनानगर : कुंभार्ली घाट चढून आलेली पिकअप काळा धूर सोडत स्टँडवर थांबली, की बघणारा लगेच बोलतो, "पंप वाढवलाय वाटतं!" ऊस हंगामात कऱ्हाड-पाटण भागात दोन ट्रॉल्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरचीही हीच गत. गाडी चढाला दम खाते म्हणून मालक मिस्त्रीकडे जातो. मिस्त्री म्हणतो, "मालक, थोडं डिझेल वाढवू, मग बघा कशी पळते." गाडी खरोखर पळते. पण सहा महिन्यांनी हेडचे गॅस्केट गेले, पिस्टन जळाला आणि गाडी शोरूमला नेली, की पहिला प्रश्न येतो, "सील कुणी तोडलं?" कर्जाचे हप्ते चालू आणि गाडी उभी, अशी वेळ मग मालकावर येते.

सील कशासाठी असते?

इंजिनाला जास्तीत जास्त किती डिझेल द्यायचे, याचे माप कारखान्यात ठरते. जुन्या पद्धतीच्या पंपावर त्यासाठी एक स्क्रू असतो आणि त्यावर सील मारलेले असते. स्क्रू फिरवला की डिझेल वाढते, हवा मात्र तेवढीच राहते. न जळलेले डिझेल काळ्या धुरावाटे बाहेर पडते आणि इंजिनाची उष्णता वाढते. त्याचा मार पिस्टन, व्हॉल्व्ह, गॅस्केट आणि टर्बो असल्यास त्यावर बसतो. क्लच, गिअरबॉक्सही मूळ ताकदीच्या हिशेबाने बनवलेले असतात. वाढीव ओढ त्यांनाही सोसावी लागते.

नव्या गाडीत डिझेलचे माप संगणक ठरवतो. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ मानके आली. ५० अश्वशक्तीच्या वरच्या ट्रॅक्टरनाही १ जानेवारी २०२३ पासून नवी मानके लागू झाली. इथे स्क्रूऐवजी संगणकातील नोंदी बदलतात. त्यालाच 'रिमॅप' किंवा 'चिप टाकणे' म्हणतात. "मूळ प्रोग्रॅम परत टाकला की कुणाला कळत नाही," या बोलण्यावर विसंबू नये. अनेक गाड्यांत प्रोग्रॅम बदलल्याची खूण मागे राहते आणि कंपनीच्या यंत्रावर ती दिसू शकते.

सगळीच वॉरंटी जाते का?

वॉरंटी म्हणजे कंपनीने लेखी दिलेला शब्द, आणि तो अटींसह असतो. इंजिनात किंवा पंपात परस्पर फेरफार केल्यास वॉरंटी लागू नाही, अशी अट बहुतेक पुस्तिकांत असते. आपण सही करतो, पण ते पान वाचत नाही. पंप वाढवला आणि पिस्टन जळाला, तर दोन्हींचा संबंध उघड आहे. तिथे भांडून फारसे हाती लागत नाही. पण त्याच गाडीचे स्टिअरिंग किंवा मीटर बिघडले, तर त्याचा पंपाशी काय संबंध, हे विचारण्याचा हक्क मालकाला आहे.

बाहेर दुरुस्ती करणे आणि ट्यूनिंग करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये १४ मोटार कंपन्यांना दंड केला होता. बाहेरच्या गॅरेजात काम केले म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करू नये, त्या सदोष कामामुळे जेवढे नुकसान झाले तेवढ्यापुरतीच ती नाकारावी, असे त्या आदेशात म्हटले होते. कंपन्या पुढे अपिलात गेल्या, त्यामुळे या आदेशाच्या भरवशावर सील तोडू नये. पण "बाहेर ऑइल बदललं, आता काहीच मिळणार नाही," असे कुणी म्हटले तर गप्प बसण्याचेही कारण नाही.

मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ सुद्धा ध्यानात ठेवावे. नोंदणीतील तपशील कंपनीच्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही, असा बदल मालकाने करायचा नसतो.

नकार आला तर

शोरूमने काम नाकारले, तर कारण लेखी मागा. नुसते "सील तुटले" एवढ्यावर न थांबता, कोणता भाग कशामुळे गेला हे जॉब कार्डवर लिहून घ्या. जळालेला भाग टाकू नका, फोटो काढून ठेवा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. त्यानेही भागले नाही, तर साताऱ्याच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. वस्तूसाठी दिलेली किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, त्यापुढे १० लाखांपर्यंत २०० रुपये. बिघाडाचे कारण तपासणीशिवाय ठरत नसेल, तर आयोग ती वस्तू प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. स्वतःच्या पोटापाण्यासाठी स्वतः गाडी चालवणाऱ्याला कायदा ग्राहकच मानतो.

आधी हे बघा

गाडी ओढत नाही म्हणजे पंपच कमी आहे असे नव्हे. एअर फिल्टर चोंदलेला, डिझेल फिल्टरमध्ये पाणी, चाकात हवा कमी, ब्रेक धरून राहिलेला किंवा क्लच घसरणारा, यांतले एक कारण बऱ्याचदा निघते. आधी ही तपासणी करावी. पंपाचे काम खरोखर निघाले, तर कंपनीच्या अधिकृत पंपरूममध्येच करावे, नवे सील मारून घ्यावे आणि पावती जपावी.

ग्रामपंचायतीची घंटागाडी किंवा ट्रॅक्टर असेल, तर ग्रामसेवकांनी प्रत्येक सर्व्हिसिंग आणि दुरुस्ती लॉगबुकात तारखेसह लिहावी, वॉरंटीची पुस्तिका दप्तरात ठेवावी. चालक बदलला की सील कुणाच्या काळात तुटले यावरून वाद होतात. गाडी ताब्यात देताना सील पाहून सही घेतली, तर तो वाद मिटतो.

घाट चढायला दहा मिनिटे जास्त लागली तरी चालेल. वॉरंटी संपेपर्यंत पंपाला हात न लावणे, यातच शेतकऱ्याचा फायदा आहे.