दिवस मावळल्यावरची सौरवीज

मोरोक्को आपल्या गरजेपैकी सुमारे ९० टक्के ऊर्जा आयात करतो. ऑक्टोबर २०२१च्या अखेरीस अल्जीरियाने मोरोक्कोमार्गे स्पेनला जाणाऱ्या वाहिनीतला गॅस थांबवला आणि या परावलंबनाची झळ थेट बसली.

२००९ साली जाहीर झालेल्या सौर योजनेतून सहाराच्या उंबरठ्यावर, वारझाझात शहराजवळ ‘नूर’ (म्हणजे प्रकाश) हे सुमारे ५८० मेगावॉटचं संकुल उभं राहिलं. १६० मेगावॉटचा पहिला टप्पा फेब्रुवारी २०१६मध्ये सुरू झाला. इथली खरी करामत आहे मिठाची. हे स्वयंपाकातलं मीठ नव्हे, तर सोडियम आणि पोटॅशियम नायट्रेटचं मिश्रण. तिसऱ्या टप्प्यात सुमारे ७,४०० आरसे सूर्याच्या मागे फिरत राहतात आणि जवळजवळ २५० मीटर उंच मनोऱ्याच्या माथ्यावर ऊन एकवटतात. तिथे तापलेलं वितळलेलं मीठ टाक्यांत साठवतात. त्या उष्णतेवर वाफ करून, सूर्यास्तानंतरही सुमारे सात तास टर्बाइन फिरवता येतं. विजेची मागणी चढते ती नेमकी संध्याकाळी, म्हणून हा खर्चिक मार्ग मला मोलाचा वाटतो.

अडचणीही खऱ्या आहेत. पहिल्या टप्प्यात वाफ थंड करायला धरणाचं पाणी लागतं. या कोरड्या मुलखात ते जड जातं. पुढच्या दोन टप्प्यांत म्हणून हवेने थंड करण्याची पद्धत वापरली. २०२४मध्ये मिठाची टाकी गळू लागल्याने मनोऱ्याचा टप्पा कित्येक महिने बंद होता. चौथा टप्पा तर साध्या सौरपट्ट्यांचाच आहे. आणि देशाची निम्म्याहून अधिक वीज अजूनही आयात कोळशावरच तयार होते.