जमिनीखालची भिंत (भाग ७) : गर्डर ओळंब्यात

मागच्या भागात सेकंट पाइलची भिंत पाहिली. आधी एक सोडून एक नुसत्या काँक्रीटच्या पाइल, मग त्यांच्या कडा कापत मधल्या पाइल. या मधल्या पाइलमध्ये पोलादी गर्डर. आज त्या गर्डरबद्दल.

उरण-पनवेलच्या खाडीकाठी वर काळा गाळ, खाली मुरूम, मग कातळ. गाळातून उतरणारे रिगचे (भोक पाडणाऱ्या यंत्राचे) तोंड कातळाच्या उतारावर टेकले की घसरू पाहते आणि भोक तिरके जाते. वांद्रे-कुर्ला संकुलातल्या बुलेट ट्रेन स्थानकासाठी अशा ३,३८२ सेकंट पाइल घातल्या, १७ ते २१ मीटर खोल. २० मीटरची पाइल शंभरात एकने कलली, तर तळ २० सेंटिमीटर सरकतो. शेजारच्या पाइलमध्ये ती घुसलेली असते साधारण तेवढीच! दोघी विरुद्ध बाजूंना कलल्या की तळाशी फट पडते आणि भरतीचे पाणी तिथूनच वाट काढते. भार पेलणाऱ्या उभ्या पाइलना आपले मानक, आय.एस. २९११, दीड टक्का कल चालवून घेते. भिंतीला तेवढी सूट परवडत नाही. दोनशेत एकच्या आत राहायचे, असे मी आग्रहाने म्हणेन.

भोक सरळ, म्हणजे गर्डर सरळ असे मात्र नाही. ६०० मिलिमीटर उंचीचा आय-गर्डर मीटरला सुमारे १२३ किलो भरतो, म्हणजे २० मीटरला जवळजवळ अडीच टन. इतका लांब एकसंध क्वचितच मिळतो, म्हणून दोन तुकडे जमिनीवर जोडतात. खरी परीक्षा इथेच. दोन्ही तुकडे लाकडी ओंडक्यांवर समपातळीत ठेवायचे, कडेला टोकापासून टोकापर्यंत सुतळी ताणायची आणि जोडाजवळ सुतळी व पोलाद यांतले अंतर पट्टीने मोजायचे. वेल्डिंगच्या उष्णतेने गर्डर वाकतो, म्हणून एकाच बाजूचे वेल्डिंग सलग उरकत नाहीत, आलटूनपालटून करतात.

दुसरा धोका पिळाचा. गर्डरची रुंद पट्टी भिंतीच्या आत पुढे खणायच्या खड्ड्याकडे हवी. तो पाव वळसा फिरला, तर याच गर्डरची वाकण्याला विरोध करण्याची ताकद जवळपास बाराव्या हिश्शावर येते. म्हणून भोकाच्या तोंडाशी पोलादी चौकट पक्की बसवतात, गर्डर तिच्यातूनच खाली जातो. एकमेकींशी काटकोनात मांडलेल्या दोन दुर्बिणींतून दोघे जण तो पाहत असतात; क्रेनचालकाला इशारा दोघांचे जुळले तरच. ताज्या काँक्रीटमध्ये गर्डर स्वतःच्या वजनाने शिरतो. तो अडला तर वरून ठोकू नये. उचलून, ओळंबा पाहून पुन्हा सोडावा. काँक्रीट तेवढा वेळ मऊ राहायला हवे, म्हणून त्यात घट्ट होणे लांबवणारे रसायन घालतात. केसिंग (भोकातला पोलादी नळा) फिरवत वर काढताना ते गर्डरलाही फिरवू पाहते, त्यामुळे चौकट तेव्हा सोडवत नाहीत. काँक्रीट घट्ट होईपर्यंत ती तशीच राहते.

पुढे खड्डा खणताना गर्डरच्या पट्ट्या एकेक करून उघड्या होतात आणि त्यांच्यावर आडवा पोलादी वेलर टेकवतात. एखादा गर्डर चार सेंटिमीटर मागे असेल, तर त्या फटीत पोलादी पट्ट्या घालून वेल्ड कराव्या लागतात, तेही खड्ड्याच्या तळाशी, पंप चालू ठेवून.

(पुढच्या भागात : सांध्यातून झिरपणारे पाणी)