पोटमाळ्यावरची खतावणी

गोराईच्या खाडीकाठी १९७२ पासून मुंबईचा कचरा येऊन पडत होता. २००७ मध्ये ते थांबले आणि सुमारे वीस हेक्टरांच्या त्या ढिगावर माती पसरून गवत वाढवले गेले. त्याच पस्तीस वर्षांत उपनगरांतील पेढ्यांवर संगणक आला, जुना झाला आणि भंगारातही गेला. जे गेले नाहीत ते पोटमाळ्यावर फडक्यात गुंडाळून पडले आहेत. अशा संगणकांचे मदरबोर्ड पुन्हा चालते करणे हा काहींचा छंद आहे. व्यापारी घराला मात्र त्यात छंदाहून अधिक काही आहे. अनेक पेढ्यांची कीर्द-खतावणी त्या काळात प्रथमच कागद सोडून हार्ड डिस्कवर गेली.

या यंत्रांचा खरा वैरी धूळ नव्हे, बॅटरी. ३८६ आणि ४८६ पिढीच्या अनेक मदरबोर्डांवर निकेल-कॅडमियमची, ३.६ व्होल्टची नळकांडी पक्की जोडलेली असे. कालांतराने ती गळते आणि तिच्यातला क्षार तांब्याच्या बारीक रेषा खाऊ लागतो. यंत्र बंद असले तरी हे चालूच राहते. म्हणून जाणकार प्रथम ती बॅटरी कापून काढतात, हिरवट-पांढऱ्या थरावर व्हिनेगर लावतात, बोर्ड शुद्ध पाण्याने धुऊन आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसतात आणि पूर्ण वाळल्यावर मल्टिमीटरने एकेक रेषा तपासतात. तुटलेल्या जागी केसाएवढी तार जोडतात. नवी बटण-बॅटरी लावताना मध्ये डायोड हवाच. नाहीतर जुने चार्जिंग तिच्यात शिरून ती फुटू शकते.

इथे एक गैरसमज हमखास होतो. बॅटरी संपली की संगणक हार्ड डिस्कचे मापच विसरतो आणि ‘डिस्क नाही’ असे सांगतो. डिस्क मेली असे समजून ती भंगारवाल्याला देणारे थोडे नाहीत! वास्तविक सिलिंडर, हेड आणि सेक्टर यांचे आकडे बहुधा डिस्कच्या चिठ्ठीवरच छापलेले असतात. ते सेटअपमध्ये भरले की पुष्कळदा वर्षानुवर्षांचे हिशेब समोर उभे राहतात.

२००० च्या आसपासच्या बोर्डांचे दुखणे निराळे. त्यांवरील सदोष कपॅसिटरांची डोकी फुगतात. तितक्याच मायक्रोफॅरडचे, तेवढ्याच किंवा अधिक व्होल्टचे नवे कपॅसिटर धन-ऋण बाजू पाहून बसवावे लागतात. सुटे भाग लॅमिंग्टन रोडवर धुंडाळावेत. शिसेयुक्त सोल्डरचे काम खिडकी उघडी ठेवून करावे आणि नंतर हात धुवावेत. मुलांना जवळ बसवायचे असेल तर हे विशेष.

वेग वाढवण्याची हौस त्यानंतरची. १९९८ चा ३०० मेगाहर्ट्‌झचा सेलेरॉन, बोर्डाचा ठोका ६६ वरून १०० वर नेताच, ४५० ने धावे. छंदिष्ट आजही त्याचे कौतुक करतात. हिशेबाचे यंत्र मात्र मूळ वेगावरच बरे.

मराठी मजकुराची गोष्ट वेगळी. १९८८ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅकच्या जिस्ट कार्डामुळे डॉसच्या पडद्यावर देवनागरी उमटू लागली. ते कार्ड ज्या आयएसए खाचेत बसे, ती आजच्या घरगुती संगणकात नाही. ती जुनी पत्रे तेव्हासारखी पडद्यावर पाहायची तर तो जुना मदरबोर्डच लागतो.

यंत्र चालू झाले की पहिल्याच बैठकीत सर्व फायलींची नक्कल करून घ्यावी. जुनी डिस्क दुसऱ्यांदा फिरेलच असे नाही.