वरचा निखारा आणि केळ्याचा केक

केळ्याचा केक हा मूळचा अमेरिकी घरांतला पदार्थ. बेकिंग पावडर सर्वत्र मिळू लागल्यावर आणि मंदीमुळे काळी पडलेली केळी टाकून देणे परवडेनासे झाल्यावर, 1930 च्या दशकात तो तेथील पाककृतींच्या पुस्तकांत रुळला. त्याचेच पीठ उथळ ताटात भाजून, वर आंबूस क्रीम चीजचा गोड थर देऊन चौकोनी वड्या पाडण्याची रीत पुढे आली. रत्नागिरीच्या घरांत अशा वड्या आता होतात, आणि त्यांकडे परक्या चालीचे अनुकरण म्हणून पाहिले जाते. हे मत अर्धेच खरे आहे.

केक भाजणे म्हणजे पिठाला खालून आणि वरून एकाच वेळी कोरडी आच देणे, आणि ही आच कोकणातल्या चुलीला अपरिचित नव्हती. श्रावण-भाद्रपदात जून, पिवळी पडलेली तवशी (काकड्या) निघाली की त्यांचा कीस, तांदळाची कणी, गूळ आणि ओले खोबरे एकत्र शिजवून धोंडस केले जाते. जुन्या पद्धतीत हे मिश्रण तूप लावलेल्या जाड पातेल्यात ओतून, खाली मंद विस्तव ठेवून, सपाट झाकणावर रसरशीत निखारे पसरत. झाकणावरचे निखारे राखेने झाकोळले की ते बदलावे लागत. कडा तांबूस होऊन पातेल्यापासून सुटल्या की धोंडस झाले असे मानले जाई. त्यात उणीव होती ती फुगवणाऱ्या द्रव्याची, म्हणून धोंडस दाट राहते आणि केक जाळीदार होतो. नानकटाईचे पीठ घरी मळून पत्र्यावर मांडायचे आणि दिवाळीपूर्वी बेकरीच्या भट्टीत भाजून आणायचे, हा प्रघात या दोहोंमधला दुवा होय. पुढे आलेला विजेचा गोल ओव्हन, किंवा रबर व शिटी काढून तळाशी मीठ अथवा वाळू पसरलेला कुकर, यांनी भट्टी घरात आणली.

याच पश्चिम किनाऱ्यावर, पण पुष्कळ दक्षिणेला, तलश्शेरीच्या मांबळ्ळी बापू या बेकरीवाल्याची हकिकत येथे टाळता येत नाही. 1883 च्या नाताळापूर्वी मर्डॉक ब्राउन नावाच्या मळेवाल्याने विलायतेहून आणलेला केक त्याला दाखवून तसाच करायला सांगितले आणि फ्रेंचांच्या माहे येथून ब्रँडी आणण्याची सूचना केली. बापूने ब्रँडीऐवजी काजूची बोंडे आणि कदळी केळी यांपासून गाळलेली गावठी दारू घातली, असे सांगितले जाते. भारतातला पहिला नाताळचा केक म्हणून ज्याचा गौरव होतो, त्याच्या जन्मातच केळे होते. आणि काजूची बोंडे रत्नागिरीला काही नवी नाहीत.

केळ्याचे काम केवळ गोडव्याचे नाही. हिरव्या केळ्याच्या गरात वीस टक्क्यांच्या आसपास असलेला स्टार्च पिकताना जवळपास सगळा साखरेत बदलतो, म्हणून साल काळी पडलेले केळेच घ्यावे. त्याचा चिकट गर अंड्याविना पीठ बांधून धरतो, जे उपासतापास पाळणाऱ्या घरांना सोयीचे पडते. त्याच्या सौम्य आंबटपणाला दह्याची जोड दिली की खाण्याचा सोडा वायू सोडून पीठ फुगवतो. मात्र सोडा जास्त झाला की केक साबणासारखा लागतो, आणि ही चूक हौशी हातांकडून फार वेळा होते. वेलची केळे लहान असले तरी घट्ट गराचे असते, त्यामुळे बाजारच्या पाणचट लांब केळ्यापेक्षा ते या कामाला निःसंशय उजवे. पीठ उथळ ताटात ओतले की ओलसर गर मध्यभागी कच्चा राहत नाही, आणि 180 अंश सेल्सिअसला ते अर्ध्या तासाच्या आत भाजून निघते.

उरतो वरचा मुलामा. लोण्याचा मुलामा रत्नागिरीच्या उकाड्यात ओघळू लागतो, कारण लोणी तिशी ओलांडलेल्या तापमानातच वितळायला लागते. शिवाय तो बेचव गोड असतो. श्रीखंडासाठी बांधलेला चक्का हा क्रीम चीजचा आंबटपणा आणि घट्टपणा दोन्ही देतो आणि केळ्याचा गोडवा आवरतो. परंतु साखर चक्क्यातले पाणी ओढून त्यात विरघळते आणि मिश्रण सैल पडते. म्हणून दही रात्रभर टांगून, वर वजन ठेवून पुरते निथळावे, पिठीसाखर श्रीखंडापेक्षा निम्म्याहून कमी घालावी, आणि केक पूर्ण निवल्याखेरीज थर देऊ नये. वेलदोडा चालतो, जायफळ केळ्यावर मात करते. मुलामा दिलेल्या वड्या फ्रिजमध्येच ठेवाव्यात. पावसाळ्यात मुलामा वेगळा ठेवून वाढण्यापूर्वीच लावणे बरे.